पंधरा ओहमचा वाद

यासीनचाचा, तुमचा अँप्लिफायर मंगळवारी पोचला. अकोल्याहून इथं कोइंबतूरला यायला त्याला नऊ दिवस लागले. नसरीननं तो गोणपाटात शिवून पाठवला होता. आत जुनी रजई, तिच्या आत आणखी एक गोणपाट. तुमची पोरगी तुमच्यासारखीच, टाके असे घातले की कात्रीलाही ऐकेनात. आतले चारही काचेचे वॉल, जुन्या रेडिओत असायचे तसे, साबूत निघाले. स्पीकरची पेटी तेवढी आली नाही.

"ताई, पेटी लय वजनी हाये, ट्रान्सपोर्टवाला नाही म्हणते," नसरीन फोनवर म्हणाली. "अन् अब्बानं पेटीचं काही सांगतलंच नाही. मशीन शोभाले धाडजो म्हणे. पेटीचं शोभाच पाहून घेईन म्हणे."

तुम्ही गेले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी कारखान्यात मशीनवर होते. फोन ठेवला, हातातली कॉइल पूर्ण केली, फेरे मोजले, परत मोजले, तिसऱ्यांदा मोजले. शेजारची बाई तमिळमध्ये काहीतरी विचारत होती, तिला बरं आहे म्हणून सांगितलं. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही, आणि त्याची मला थोडी भीती वाटते. पण मला भीती कशाची वाटत नाही? ते तुम्हाला माहीतच आहे.

पहिलं जे मनात आलं ते चांगलं नव्हतं. आलं असं, की आता तो वाद संपला. हिवरखेडला तुमच्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर कशानं जळाला, हा आपला वाद. तेरा वर्षं तुम्ही म्हणत आले, 'माझ्याच चुकीनं'. मी म्हणत आले, तुमच्या नाही. खरं काय झालं ते मला माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलं होतं का, एवढंच मला पाहिजे होतं. कारण कळलं नसेल, तर तुम्ही मनात हेच धरून गेले, की शोभाची पेटीची जुळवणी चुकली होती आणि आपण तिला पाठीशी घातलं.

आणि जुळवणी चुकली नव्हती, चाचा. तेवढं एक मी आयुष्यात बरोबर केलं होतं.

अमरावतीला आमच्या वाइंडिंगच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आले, तेव्हा मांडीवर लेकरू आणावं तसा अँप्लिफायर घेऊन एसटीनं आले. कंडक्टर याचं हाफ तिकीट मागत होता, असं तुम्ही आल्या आल्या मालकांना सांगितलं. मी चोवीस वर्षांची होते. आठवीत शाळा सोडली, कारण आईचा पाय मोडला आणि चांदूर बाजारला भाजीच्या दुकानावर बसायला कोणी नव्हतं. पाय बसला, मग भाजीचं दुकानही बसलं, आणि मी अमरावतीला मावशीकडे राहून कॉइल भरायला लागले. तांब्याच्या तारेचे फेरे मोजण्याइतकं गणित मला येत होतं. त्याच्या पुढचं दुकानात शिकले.

त्या वर्षांत आमच्याकडे मुख्य काम पंपाच्या मोटारींचं. आधी व्होल्टेज पडून मोटारी जळायच्या आणि लोक दुसऱ्या दिवशी न्यायला उभे राहायचे. नंतर विहिरीच खाली गेल्या. दुरुस्त झालेली मोटार न्यायला माणूस येईना. मागच्या खोलीत त्या ओळीनं ठेवलेल्या असायच्या, प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर गाव आणि नाव. काही चिठ्ठ्यांवरची माणसं परत आलीच नाहीत. का आली नाहीत, हे मालक कोणाला विचारत नसत.

तर त्या मोटारींच्या दुकानात तुम्ही गिटारचा अँप्लिफायर घेऊन आले. दिवसा तुम्ही अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते आणि लग्नसराईत दिलीपभाऊंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. हा अँप्लिफायर तुम्हाला अमरावतीच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या संगीत मास्तरांनी दिला होता. मूळचा एकाच लाकडी खोक्यात होता, वर अँप्लिफायर आणि खाली स्पीकर. खालचं लाकूड वाळवीनं खाल्लं आणि स्पीकरचा कागद उंदरांनी. तुम्ही वरचा भाग करवतीनं कापून घेतला आणि खाली लावायला गजाननभाऊ भोंगेवाल्याकडून एक जुनी पेटी आणली. तिच्यात दोन स्पीकर. वाजत होतं, पण अर्ध्या तासात वॉल लाल व्हायचे आणि आवाज फाटायचा.

मी मागची पत्र्याची पट्टी काढली. आत तुम्ही जिथं जिथं काही बदललं होतं तिथं पेन्सिलनं एकेक शब्द लिहिलेला. एका नव्या वायरजवळ 'उंदीर'. एका खटक्याजवळ 'तेल्हारा, पाणी'. फ्यूजजवळ 'दिलीप'.

"हे काय लिहून ठेवलं?" मी विचारलं.

"काहून बदललं ते. मानूस इसरते."

"अन् दिलीप?"

"त्यानं माइकची समजून लाइटाची वायर याच्यात घुसवली होती, फ्यूज उडला. नाव लिवून ठेवलं. उद्या नाही म्हनन."

मग आपला वाद सुरू झाला. तो मला शब्दन् शब्द आठवतो, कारण मला कोणी इतका वेळ गंभीरपणे खोटं पाडायचा प्रयत्न केला नव्हता. लोक सरळ मालकांकडे बघून बोलायचे.

"याले पंधरा ओहमचं ओझं लागते," मी म्हटलं. "अन् तुमची पेटी चारची हाये."

"चारची कशी? आठ-आठचे दोन स्पीकर हायेत. आठ अन् आठ सोळा."

"बाजूबाजूनं जोडले ना. तसे जोडले की आठाचे चार होते."

"हे कोन्त्या शाळेतलं गनित वो?"

"मी शाळेत फार गेलीच नाही."

"तरीच."

मालक हसले. मी पण हसले, पण पेटी उघडून तुम्हाला तारा दाखवल्या. भोंगेवाले सगळे तसेच जोडतात, दोन्ही स्पीकरला वेगवेगळी वाट. त्यांचं कारण ठरलेलं, एक मेला तरी दुसरा बोलत राहतो, कार्यक्रम थांबत नाही. त्यांच्या मशीनला ते चालतं. पण तुमच्या या म्हाताऱ्याला चार ओहम म्हणजे उतारावर रिकामी बंडी, बैल धावून धावून तोंडाला फेस. मी म्हटलं, दोघांना एकामागे एक जोडू. आवाज एकातून जाऊन दुसऱ्यात जाईल. आठ अन् आठ खरोखर सोळा होतील.

"म्हंजे एक गेला की दुसराही मुका?"

"हो."

"भर मांडवात?"

"हो."

"नाही जमत," तुम्ही म्हणाले आणि चहा प्यायला गेले. परत आले ते मीटर घेऊन. तोवर मी जोडून ठेवलं होतं. तुम्ही मीटरच्या दोन्ही सुया लावल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोर्टात साक्षीदार फुटला.

"साडेबारा दाखवून राहिलं. कुठी हायेत तुझे सोळा?"

"मीटर उभ्या बैलाचं सांगते, चाचा. चालत्या बैलाचं नाही." हे वाक्य मालकांचं होतं, पण मी माझं म्हणून वापरलं. स्पीकर हलायला लागला की त्याचा ओहम वाढतो, हे समजावायला मला अर्धा तास लागला. शेवटी तुम्ही म्हणाले, "बरं, सोळा. पन याले तर पंधरा पाहिजेत. एक ओहम तू कुठी टाकशीन?"

"एकानं काही होत नाही."

"पाय बरं. माया जिवाची गोष्ट हाये."

मग तुम्ही गिटार लावली आणि फक्त खालची एक तार छेडली. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण जो आवाज आधी फाटक्या सतरंजीसारखा येत होता, तो जमिनीवरून सरकत आला आणि माझ्या स्टुलाच्या पायात शिरला. मालक चहा पीत बाहेर आले आणि कप हातात तसाच. तुम्ही परत तीच तार छेडली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "राहू दे असंच."

मी पेटीची मागची फळी बसवली आणि प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल थेंब टाकला. ही माझी सवय, कोणी स्क्रू फिरवला की थेंब तुटतो आणि मला कळतं. अँप्लिफायरच्या पाठीवर कागद चिकटवला, 'चालू असताना पेटीची पिन काढू नये.' तुम्ही विचारलं का. मी सांगितलं, काचेच्या वॉलचा अँप्लिफायर जोर ट्रान्सफॉर्मरमधून पेटीकडे फेकतो. घ्यायला पेटीच नसली तर तो जोर माघारी येतो आणि ट्रान्सफॉर्मरला आतून चावतो. "हे वाचन कोन?" तुम्ही म्हणाले. "दिलीप? त्याले आपलंच गानं वाचता येत नाही."

कागद कोणी वाचला नाही हे खरं. लिहिणारीनंही नाही.

हिवरखेडच्या लग्नाला तुम्ही मला मुद्दाम बोलावलं. म्हणाले, आपण जुळवलेलं आपल्या कानानं ऐकावं, दुकानात कायचं ऐकते. त्या सीझनला ऑर्केस्ट्राला एवढंच बोलावणं होतं. आधी कापूस घरात आला की गावोगाव तारखा लागायच्या, तुम्ही लोक धारणीपर्यंत जीपनं जायचे. आता लोक लग्नच उरकून घेत होते. मी अकोटला गाडी बदलून पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. दिलीपभाऊ मांडवात गात होते, तुम्ही डोळे मिटून वाजवत होते, आणि मी तुमच्या अँप्लिफायरच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. वॉल लाल होत आहेत का ते बघत. ते होत नव्हते. मला वाटत होतं, कोणीतरी यावं आणि विचारावं, हे कोणी जोडलं.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "मयत."

आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. मयत निघाली की मांडवातला आवाज बंद. कोणाची, कोणत्या समाजाची, विचारायचं नाही. माझ्या मामाचा चांदूर बाजारला भोंग्याचा धंदा होता. 'मयत' शब्द कानावर आला की मामा ओरडायचा, "वायर!" आणि जो जवळ असेल तो वायर ओढायचा. बटण शोधत बसायचं नाही. बटण चुकतं, वायर चुकत नाही. मी चार वर्षांची असल्यापासून हे केलेलं आहे.

गजाननभाऊनं भोंगे बंद केले. दिलीपभाऊ ओळीच्या मध्यात थांबले. ढोलकी थांबली. तुमचे डोळे मिटलेले होते आणि हात चालू होता, आणि त्या सगळ्या शांततेत तुमची गिटार एकटी वाजत होती. माझा हात गेला. मी पेटीची पिन ओढली.

आवाज एकदम बंद झाला. तुम्ही अजून दोन-तीनदा तारांवर हात मारला. आतून बारीक चर्र असं ऐकू आलं, आणि मग तो वास. जळलेल्या वॉर्निशचा वास मी आठ वर्षं रोज घेत होते. तुम्ही डोळे उघडले तेव्हा सगळे रस्त्याकडे बघत होते. मी पिन परत घातली.

ओढली ती सवयीनं. घातली ती घाबरून. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला लाज दुसरीची वाटते.

तिरडी मांडवासमोरून गेली. पाच-पंचवीस माणसं, कोणी रडत नव्हतं. त्याच गावातला माणूस होता, औषध पिला म्हणे, एवढंच कानावर आलं. मला उगीच वाटून गेलं, याची मोटार आमच्या मागच्या खोलीत तर नसेल. मग मी परत माझ्याच काळजीत गेले.

नंतर सगळे अँप्लिफायरभोवती जमले. गजाननभाऊ पहिले बोलले. "मी म्हनलंच होतं. एकामांगं एक कोनी जोडते काय? आठवी नापास पोरीच्या हातचं, आखीन काय होईन."

"नापास नाही, सोडली," मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

दिलीपभाऊ तुमच्याकडे वळले, "यासीनभाई, मशीन मास्तरची, अन् तुमी पोरीसोरीच्या नादी लागता?"

तुम्ही खाली बसून मागच्या पत्र्याला हात लावला. चटका बसला तसा काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "पोरीनं बराबर जोडलं होतं. मीच सकाळी बदललं. तुयासारखं बाजूबाजूनं केलं, गजानन. मायीच चुकी."

पेटीच्या फळीवर सहा स्क्रू होते. सहाही लाल थेंब जसेच्या तसे. तुम्ही काहीच बदललं नव्हतं. मी बसल्या जागेवरून ते बघत होते आणि गप्प होते.

तेव्हापासून मी असं धरून चालले, की तुम्हाला खरंच वाटलं जुळवणी चुकली, आणि माझी चार माणसांत फजिती होऊ नये म्हणून तुम्ही ती अंगावर घेतली. तुमचे उपकार होते आणि तेच मला डाचत होते. अमरावतीला आणून मी जळका ट्रान्सफॉर्मर उकलला, एकेक फेरा मोजत. चुकीच्या ओझ्यानं जळलेली कॉइल सगळीकडून काळी पडते. ही एकाच जागी, मोहरीएवढी काळी, चावल्यासारखी. बाकी तांबं नव्यासारखं चकचकीत. तो तुकडा दाखवला असता तर वाद तिथंच मिटला असता. मी तो भंगारात टाकला. त्याच मापाचा नवा भरला, फेऱ्याला फेरा, टोकांच्या तारांवर हिरव्या नळीची स्लीव्ह घातली आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही म्हणाले, मीच बसवतो घरी. पैशाचं विचारलं तर मी नाही म्हटलं आणि तुम्ही आग्रह केला नाही. तेव्हाही मला कळायला पाहिजे होतं, तुम्ही कोणाचं फुकट घेणारे नव्हते.

त्याच उन्हाळ्यात मालकांनी दुकान अर्धं केलं. तुमच्या जिनिंगमध्ये मशीन बसवायला आलेला एक माणूस इथला, कोइंबतूरचा, त्याला तुम्ही माझ्याबद्दल सांगितलं होतं, म्हणून त्यानं मला कामाला बोलावलं. काय सांगितलं ते तो मला इथं आल्यावर बोलला. "यासीनभाई बोले, लडकी का हाथ कभी गलती नहीं करता." मी त्या वाक्यावर तेरा वर्षं पगार घेते आहे. आज माझ्या हाताखाली अकरा जणी आहेत. बडनेऱ्याला गाडीत बसवायला तुम्ही अकोल्याहून आले होते. डब्यात मेथीच्या पोळ्या आणि ठेचा. मी खिडकीतून सांगणारच होते. तोंड उघडलं, आणि तुम्ही म्हणाले, "पिशवी पायापाशी ठेव, वर ठेवू नको." गाडी हलली.

मग फोन. ईदला, दिवाळीला, कधी उगीच.

"काय वो इंजिनेर बाई, जुळून राहिलं का तिकडं?"

"जुळते. तुमचं?"

"तुयी पेटी वाजते. एक ओहम जास्तीच हाये, पन वाजते."

"एकानं काही होत नाही म्हटलं ना."

"हिवरखेडले झालं ना मंग."

"ते जुळवणीनं नाही झालं."

"नाहीच. म्या बदलली होती ना सकाळी."

"तुम्ही नव्हती बदलली चाचा!"

"तुले कसं माहीत?"

इथं मी अडकायची, दरवेळी. थेंबांचं सांगावं तर पुढचा प्रश्न यायचा, मग जळाला कशानं. मी म्हणायची, "मला माहीत आहे बस." तुम्ही हसायचे आणि नसरीनच्या पोराचं काहीतरी सांगायला लागायचे. मला वाटायचं तुम्ही चिडवता. दोन महिन्यांपूर्वीच्या शेवटच्या फोनला तुम्हाला धाप लागत होती. तुम्ही स्वतःहून विषय काढला. "शोभा, सांग बरं आता. कशानं जळाला?"

मागं कोणाचा आवाज नव्हता. तुम्ही वाट पाहत होते. मी म्हटलं, "तुमच्यानं नाही, एवढं नक्की."

"बरं," तुम्ही म्हणाले. "राहू दे."

मी फोन ठेवून बराच वेळ हातच धूत होते.

आता मंगळवारनंतरचं सांगते. पेटी नाही म्हटल्यावर नवी जुळवायला पाहिजे होती. इथं एका दुकानात मला आठ ओहमचे दोन स्पीकर मिळाले, सुताराकडून खोकं करून घेतलं. आज रविवार, म्हणून सकाळी बसले. पेटी जोडायच्या आधी अँप्लिफायर आतून बघावा म्हणून मागचा पत्रा काढला. माझा कागद अजून चिकटलेला होता, पिवळा पडलेला, त्यावर टेप लावून तुम्ही तो दोनदा सांभाळलेला. आत माझा ट्रान्सफॉर्मर. हिरव्या स्लीव्ह. आणि जिथं पेटीची पिन जाते त्या सॉकेटच्या मागं, दोन टोकांना आडवा, जोर अडवणारा एक पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स सोल्डरचा डाग देऊन लावलेला. दोनशे वीस ओहमचा. हा मी लावलेला नव्हता.

मी कागद घेतला आणि मांडून पाहिलं. पेटीचे सोळा, त्याला हे दोनशे वीस बाजूबाजूनं. उत्तर पंधराला अगदी जरासं कमी. मला हसू आलं, एकटीला, मोठ्यानं. म्हातारा तेरा वर्षं फोनवर एक ओहम मोजत होता आणि आतून त्यानं तो कधीच काढून टाकला होता!

मग टॉर्च जवळ नेला. रेझिस्टन्सच्या खाली पत्र्यावर, पेन्सिलनं, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात एकच शब्द होता.

'मयत'.

मी टॉर्च बंद केला, परत लावला. शब्द तोच होता.

असा रेझिस्टन्स एकाच गोष्टीसाठी उपयोगी पडतो, चाचा. सोळाच्या जागी चारचं ओझं लागलं तर तो काही करू शकत नाही. अँप्लिफायर चालू असताना कोणी पिन ओढली, तर माघारी येणाऱ्या जोराला टेकायला तो जागा देतो. तुमचा डाग माझ्या हिरव्या स्लीव्हच्या डागासोबतच दिलेला होता, त्याच सोल्डरचा, तेवढीच धूळ बसलेला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर बसवला त्याच दिवशी. मी अजून अमरावतीत होते तेव्हा.

तुम्हाला कसं कळलं ते आता वाटतं सोपं आहे. तुमचे डोळे मिटलेले होते, कान नव्हते. मशीन आतून जळते तेव्हा आवाज आधी फाटतो, मग मरतो. त्या दिवशी आवाज आधी कापल्यासारखा गेला, वास मागून आला. वाजवणाऱ्याला ते कळणारच. आणि पिनेच्या जवळ खुर्ची एकच होती.

गजाननभाऊ बोलले तेव्हा तुम्ही म्हणू शकले असते, पिन ओढली पोरीनं. ते खरंही होतं. मग माझी जुळवणी बरोबर ठरली असती आणि मी मूर्ख ठरले असते. तुम्ही दोन्ही वाचवलं. बदल्यात तेरा वर्षं मला एकच गोष्ट विचारत राहिले, हसत, दरवेळी थोडी वाट पाहून. चिडवत नव्हते तर.

फ्यूजजवळ तुम्ही 'दिलीप' लिहिलं होतं. इथं 'शोभा' लिहिता आलं असतं.

पेटी जोडली. एकामागे एक, आठ अन् आठ. स्क्रूवर थेंब टाकले. पिन घातली, काढली, घातली, मग चालू केलं. वॉल हळूहळू तापले. मला गिटार येत नाही, म्हणून जिथं गिटारची वायर लागते तिथं एक मोकळी वायर लावली आणि तिच्या टोकाला बोट लावलं. खर्जातला घुंईंऽऽ असा आवाज आला, स्टुलाच्या पायापर्यंत. बोट तसंच ठेवलं. दुसरा हात मागं नेला.

चाचा, हिवरखेडला पिन मी ओढली होती. मयत आली, सवयीनं हात गेला, आणि मी ओढली. मग तुमच्यापासून लपवून परत घातली.

एवढं मोठ्यानं म्हटलं आणि पिन ओढली.

आवाज गेला. मी नाक जवळ नेऊन वास घेतला, दोनदा, तिसऱ्यांदा. काही जळालं नव्हतं. चारही वॉल तसेच मंद उजळलेले होते.